‘मंगला’च्या बुडण्यातल्या एकेचाळीस चुका

१ जानेवारी १९६१, रविवार

नवी डायरी. श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यानं फुकट दिली. संकल्प तीनच. एक, रोज लिहायचं. दोन, खरं तेच लिहायचं. तीन, पहाटे उठून दोन मैल चालायचं.

शेवरे बंदरात आज चार मचवे, एक लाँच. वारा उत्तरेचा. चालणं उद्यापासून.

५ जानेवारी

चार दिवस लिहिलं नाही. पण जे लिहिलंच नाही ते खोटं असू शकत नाही, म्हणजे दुसरा संकल्प शाबूत. चालण्याचं थंडी कमी झाल्यावर बघू.

१९ जानेवारी, सकाळी ११

मोठी बातमी. मुंबईच्या एका फिल्म कंपनीचं पत्र आलं. ‘मंगला’ लाँचच्या दुर्घटनेवर मराठी बोलपट काढताहेत. नाव ‘वैरी दर्या’. पत्राच्या माथ्यावरच छापलंय, संपूर्ण सत्य घटनेवर आधारित. त्या दिवशी बंदरावर हजर असलेला माहितगार माणूस हवा आहे.

तो मीच. दुसरा कोण? १४ नोव्हेंबर १९४९, सोमवार, दुपारी बारा वाजता ‘मंगला’ इथून मुंबईला सुटली. दोनच्या सुमाराला दक्षिणेकडून तुफान आलं. लाँचवर चाळीस माणसं होती. एकतीस गेली, त्यात लाँच चालवणारा तांडेल शिवदासही. मी तेव्हाही इथं बंदर कारकून होतो, आजही आहे. वादळाची तार आली की काठीवर काळा बावटा चढवायचा, बावटा दिसला की बोटींनी बंदर सोडायचं नाही. हे माझं काम. ते मी केलं. चौकशीच्या छापील रिपोर्टात पान सातवर तसं स्पष्ट आहे. तांडेल नशेत होता, म्हणून त्यानं बावट्याकडे दुर्लक्ष केलं, असं पान नऊवर आहे.

अकरा वर्षांत लोकांनी वाटेल ते पसरवलंय. कुणी साठ बुडाले म्हणतो, कुणी शंभर. आता काय खरं ते एकदाचं पडद्यावर येईल. त्याला जबाबदार माणूस लागतो.

हिला सांगितलं. ही भाकऱ्या थापत होती. थापतच राहिली. आमच्या वेणूबाईला कलेची आवड पहिल्यापासून नाही.

२४ जानेवारी

केसर आली होती. शिवदास तांडेलाची बायको. सुकी मासळी विकते. पाटी बाहेर ठेवून ओट्याच्या कडेला बसली.

गावात सिनेमाची बातमी पोचलीय. आता गावाला सिनेमा म्हणजे काय माहीत? आजवर इथं फक्त सरकारची प्रचाराची गाडी आली, तीनदा. एकदा देवीची लस टोचून घ्या, एकदा शेणखताचा खड्डा, एकदा भाताची जपानी लागवड. लागवडीचा सिनेमा दाखवला आणि दोन महिन्यांनी साहेब वहीपेन घेऊन शेतं तपासायला आला. तेव्हापासून गावाचं पक्कं मत आहे की पडद्यावर येतं ते सरकारचं म्हणणं. ते मुकाट्यानं मानायचं.

केसरचंही तेच. म्हणाली, भाऊ, सरकार पुन्ना निकाल लावतंय ना? मग या टायमाला खरं येऊ द्या. त्यांनी हरेश्वराला काळभैरवासमोर शपथ घेतली व्हती. त्यांचा भाऊ दारूत मेला तवापासून थेंब घेतला न्हाय. मी बायको हाय त्यांची, मना ठावं न्हाय व्हय?

तिचा मुलगा सदा चोवीस वर्षांचा झालाय. स्वतःचा मचवा आहे, पण खलाशी मिळत नाही. दारुड्या तांडेलाचा पोर म्हणून त्याच्या हाताखाली कुणी चढत नाही. नारळी पौर्णिमेला पहिला नारळ दर्यात सोडायचा मान त्यांच्या घराचा होता, तोही गेला.

सिनेमा सरकारचा नाही, हे मी तिला सांगणार होतो. पण एवढ्या आशेनं आलेल्या बाईला तोडून बोलणं माझ्या स्वभावात नाही. तिनं अर्ज लिहून मागितला. लिहिला. विषय: मयत तांडेल शिवदास यांच्या कथित नशेबाबत फेरविचार होणेबाबत. भाषा उत्तम साधली. अंगठा घेतला. सिनेमाच्या साहेबांना मी स्वतः देईन असा शब्द दिला.

एक नोंद करून ठेवतो. चौकशीत दारू हा शब्द मी उच्चारलेला नाही. साहेबांनी विचारलं, बावटा वर असताना तांडेल निघाला कसा? मी एवढंच म्हणालो की त्या दिवशी त्याच्या चालण्यात मला फरक वाटला. वाटण्यावर कुणाचा ताबा असतो? पुढचं त्यांचं त्यांनी लिहिलं.

११ फेब्रुवारी

डायरेक्टर आले. दयाराम मोहिले. पांढरी पँट, काळा चष्मा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. कथाही तेच लिहितात. धर्मशाळेत उतरलेत. मी तथ्य-सल्लागार. तसं नाव पडद्यावर येणार, शब्द दिलाय.

पहिल्याच तासात पहिली चूक पकडली. त्यांनी मुंबईहून तांबडं निशाण आणलं होतं! म्हटलं साहेब, हे काय रेल्वेचं फाटक आहे? आमचा बावटा काळा, वेताच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेला, पालथ्या टोपलीसारखा. मोहिले थक्क झाले. म्हणाले, मोकल, असाच माणूस हवा होता. वेगळी वही घातली. चूक क्र. १: निशाणाचा रंग व आकार.

बावट्याचं कॅनव्हास एका बाजूला उसवलंय. शिवायला घरी घेऊन आलो तर ही दारातच आडवी उभी राहिली. हा घरात नको म्हणाली. म्हटलं, सरकारी वस्तू आहे. म्हणूनच नको म्हणाली. शेवटी ओट्यावर बसून शिवला, सुई दोनदा बोटात गेली.

हिचं काही कळत नाही. अकरा वर्षं झाली, खळ्यात वाळवण घालत नाही. भात नाही, पापड नाही, मिरच्या नाहीत. सगळं विकतचं. लोकांच्या बायका हौसेनं करतात. आमच्याकडे खळं नुसतं सारवलेलं, मोकळं.

१४ फेब्रुवारी

चुका तेरा झाल्या. लाँचला दोन भोंगे दाखवलेत, एकच होता. नायिका साडीला पिन लावते, या भागात कुणी लावत नाही. बुडणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन कडव्यांचं गाणं आहे. त्यावर मोहिले म्हणाले, पब्लिकला लागतं. म्हटलं, पाणी नाकात गेल्यावर दुसरं कडवं कसं येईल? हसले. एक कडवं कमी केलं. माझं वजन वाढत चाललंय.

अर्ज आज देणार होतो. पण गाण्यावरून त्यांचा मूड गेला होता.

१६ फेब्रुवारी

आज मोठा प्रसंग. डोकं अजून तापलेलं आहे.

मोहिले म्हणाले, मोकल, कथेला गाठ पडत नाही. नुसतं वादळ आलं, बोट बुडाली, यात माणूस कुठंय? समजा असं दाखवलं. तार वेळेवर आलेली आहे. कारकून तरुण आहे, त्याचं लक्ष दुसरीकडेच आहे, विहिरीवरच्या मुलीकडे वगैरे. तार खिशात. बावटा चढतो तोवर लाँच निघून गेलेली. तो काठीखाली उभा राहून बघतोय, बोट लहान लहान होत चाललीय. तिथं मध्यंतर! आणि हसून म्हणाले, मनावर घेऊ नका हां, ही आपली माझी कल्पना.

मी ताडकन उठलो. चहा सांडला. धडधडीत खोटं! चूक क्र. १४, आजवरची सर्वांत गंभीर. रिपोर्ट पुढ्यात आपटला. पान सात, ओळ पाचवी: बावटा दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी चढवण्यात आला. म्हटलं, सत्य घटना म्हणून छापायचं आणि मनाची विहीर, मनाची मुलगी घालायची? असली थापेबाजी असेल तर मी सल्लागार राहणार नाही.

मोहिले वरमले. पानभर खोडलं. मग विचारलं, बरं, बावटा वर होता तर तांडेल गेला कशाला? म्हटलं, पान नऊ. त्यांनी वाचलं आणि शीळ घातली. दारू! दारूबंदीचा संदेश! करमणूक कर माफ होईल म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

सत्य टिकलं. घरी आलो, पण जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१७ फेब्रुवारी

विचार केला. केसरचा अर्ज द्यायलाच हवा. शब्द म्हणजे शब्द. दारूचा सीन थोडा सौम्य करा, एवढं सुचवता येईल. पान नऊला धक्का न लावता. उद्या सकाळी पहिलं काम.

१८ फेब्रुवारी

मोहिले सकाळी हरिहरेश्वराला दर्शनाला गेले.

१९ फेब्रुवारी

मोहिले परत आले, पण दमलेले. दमलेल्या माणसापुढे कागद ठेवू नये.

२२ फेब्रुवारी

आज नक्की म्हणून गेलो. अर्ज खिशात. तर मोहिलेच आधी बोलले. तांडेलाचं काम करणारा नट मुंबईचा आहे, त्यानं होडी पाहिलेली नाही. शिवदास चालायचा कसा, रुमाल कसा बांधायचा, हे सगळं अगदी बारकाईनं हवं. मी हो म्हटलं. कामाच्या बोलण्यात अर्जाचा विषय काढणं प्रशस्त दिसलं नसतं.

२३ फेब्रुवारी

केसरकडे गेलो. शिवदासबद्दल माहिती पाहिजे म्हटलं.

ही बाई एवढं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. बोंबील वाळत घालता घालता तासभर बोलली. लहानपणी वल्हं मारून मारून डावा खांदा पडला व्हता, चालताना तिकडं कलायचे. लाल चौकड्यांचा रुमाल, गाठ कानामागं. नांगर उचलायच्या आधी तीनदा दर्याचं पाणी डोळ्यांस लावायचे. कुणालाबी हाक मारली का देवा म्हणायचे, ल्हान पोराला पन. सांगता सांगता स्वतः उठून चालून दाखवलं. बाजूच्या बायका हसल्या. तीही हसली. अकरा वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मी सगळं लिहून घेतलं. निघताना म्हणाली, येवढं लिवून घेतला म्हंजे अर्ज पोचला ना भाऊ? म्हटलं, कार्यवाही चालू आहे.

हे खोटं नाही. कार्यवाही चालूच होती.

२ मार्च, दुपार

शूटिंग. बुडण्याचा सीन. गावातले वीसजण पाण्यात. त्यात अनंता, ‘मंगला’वरच्या वाचलेल्या नऊजणांपैकी गावात राहिलेला एकटाच. शिवदासनं त्याला फळीवर ढकललं आणि स्वतः सुकाणू धरून राहिला, असं तो सांगतो. चौकशीतही सांगितलं. बावटा पाहिला नाही असंही म्हणाला होता. घाबरलेल्या स्थितीतील साक्ष, असा शेरा पडला.

मोहिलेंना अनंताचं बुडणं पसंत पडेना. तो नुसता गप्प राहून खाली जायचा. हात वर कर, ओरड, असं भोंग्यातून सांगत होते. चारदा बुडवला. पाचव्यांदा अनंता बाहेर येऊन म्हणाला, सायब, बुडताना कोन वरडत न्हाय. वरडायला हवा लागते. मोहिले म्हणाले, खोटं वाटतंय. त्याच्या जागी मुंबईहून आणलेला एकजण घातला. त्यानं फार छान आरडाओरड केली.

अनंता किनाऱ्यावर बसून राहिला. अंग पुसलं नाही. मी जवळ गेलो तर उठून दुसरीकडे जाऊन बसला. मी हा मुद्दा वहीत घेतला नाही. ओरडले की नाही याला लेखी पुरावा नाही.

५ मार्च

तांडेलाच्या नटाची आज धक्क्यावर चालण्याची तालीम. डावा खांदा पाडून, रुमालाची गाठ कानामागे. मीच समोर उभं राहून तीनदा दुरुस्त केलं. चौथ्यांदा असं जमलं की माझ्याच अंगावर काटा आला.

केसर पाटी घेऊन बाजारातून येत होती. लांबून तिला पाठमोरा तो दिसला. ती थांबली, पाटी खाली ठेवली आणि डोक्यावरून पदर घेतला. मग तो वळला.

तिनं पाटी उचलली आणि गेली. मला थोडं वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. उद्या अर्ज देणार म्हणजे देणार.

९ मार्च

कंपनीनं गाशा गुंडाळला. दारूचा सीन मुंबईला स्टुडिओत घेणार.

ट्रक सुटायच्या वेळी गेलो. खिशात हात घातला. मोहिले म्हणाले, मोकल, शेवटची काही सूचना? तोंडून निघून गेलं की साहेब, बाटलीला लेबल नको. दारूबंदी आल्यापासून इकडे दारू औषधाच्या बाटलीतून येते, बुचाऐवजी कागदाचा बोळा. मोहिलेंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, तुम्ही नसता तर सगळं खोटं वाटलं असतं.

चूक क्र. ४१. वही पूर्ण. एकेचाळीसच्या एकेचाळीस दुरुस्त्या मान्य. असं समाधान नोकरीत कधी मिळालं नाही.

अर्ज टपालानं पाठवू. टपाल जास्त अधिकृत.

१८ जुलै

पावसानं बंदर बंद. गेल्या आठवड्यात धरण फुटून पुण्यात पूर आला, पेपर उशिरा पोचला. किती माणसं गेली अजून कळत नाही. मोहिलेसाहेबांचं कार्ड आलं. पुण्याला जाऊन पाहणी करताहेत, विषय जबरदस्त आहे म्हणतात. तिथला कुणी माहितगार ठाऊक असल्यास कळवा.

टपालाची पाकिटं संपलीत.

२६ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, दुपारी ४

पहिला नारळ यंदाही दुसऱ्याच घरानं सोडला. सदा मागं उभा होता. केसर त्याला समजावत होती की आता शिनेमा येईल, मग बघ. मला पाहून हात जोडले. मी टोपी नीट केली.

घरी येऊन बसलो. एकदा सगळं वेळेनुसार मांडून ठेवावं म्हणतो, कुणासाठी नाही, अचूकपणासाठी.

१४ नोव्हेंबर १९४९. १०.३५ ला श्रीवर्धनहून सायकलवरून तार आली, सही केली. बावटा त्या वेळी ऑफिसात नव्हता. घरी खळ्यात होता. हिचं भात वाळत होतं, कावळे फार, आणि काळं काही टांगलं की कावळे येत नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल. आदल्या आठवड्यात मीच नेऊन टांगला. नोव्हेंबरात वादळ कोण धरतो? आकाश स्वच्छ होतं. १०.४० ला निघालो, ११ ला घरी. ही म्हणाली, आलाच आहात तर दोन घास खाऊन जा, गरम आहे. ताजी खाडीची कोलंबी होती. लाँच कधी बाराला सुटल्याचं मला आठवत नाही, साडेबारा नेहमीची. त्या दिवशी शिवदासनं वेळेवर सोडली. ही त्याची शिस्त. मी धक्क्यावर पोचलो १२.१० ला. बावटा चढवला १२.१५ ला.

बावटा वर होता, हे गावानं पाहिलं. केव्हा पाहिलं, हा वेगळा मुद्दा. वेळेची नोंद रजिस्टरात मी केली, रजिस्टर मीच ठेवतो. बावटा कुठं होता, हा प्रश्न चौकशीत कुणी विचारला नाही. न विचारलेल्याचं उत्तर देणं ऑफिसच्या शिस्तीत बसत नाही.

आणि बावटा दिसला असता तरी तो गेलाच असता. कदाचित.

कदाचित नाही. शिवदास कधीच गेला नसता.

हे पान फाडावं का? पण मग मागचं पान सुटं होईल. राहू दे. डायरी कुलपात असते.

२० नोव्हेंबर, सोमवार

काल श्रीवर्धनला फिरत्या सिनेमाच्या तंबूत ‘वैरी दर्या’. संध्याकाळी सहाचा खेळ. सगळं गाव गेलं, काही बैलगाड्यांनी, काही मचव्यांनी. बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. सरकारचा निकाल ऐकायला जायचं म्हणजे नीट जायला हवं. केसर नवं लुगडं नेसली होती. सदाला पुढं बसवलं. ही पण आली, न सांगता.

माझं नाव आलं नाही. शेवरे बंदरावरील अधिकारी व ग्रामस्थ यांचे आभार, एवढंच, तेही लोक जागा शोधत असताना. मोहिलेंना खरमरीत पत्र लिहिणार.

बाकी काम चोख. बावटा काळा. भोंगा एक. मग शिवदास आला. डावा खांदा पडलेला, गाठ कानामागे. खाली वाकून तीनदा पाणी डोळ्यांना लावलं. अख्ख्या तंबूतून हुंदका आला. बायका म्हणायला लागल्या, त्योच रे, त्योच. कुणाला तरी देवा म्हणून हाक मारली आणि केसरनं तोंडावर पदर धरला.

मग त्यानं कमरेची बाटली काढली. औषधाची. कागदाचा बोळा दातांनी उपटला.

मागून एक म्हातारा म्हणाला, बगा, सरकारनं दावला.

पडद्यावरचा कारकून धक्क्यावर धावत होता, बावट्याकडे बोट दाखवून ओरडत होता, नको जाऊ शिवदास, नको जाऊ. देखणा नट होता. लोकांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी माझा खांदा दाबला. मी मान खाली घातली. नम्रपणा म्हणून.

ही पडद्याकडे बघतच नव्हती. सबंध वेळ माझ्याकडे बघत होती.

२३ नोव्हेंबर

सदा मचवा विकायला काढून मुंबईला गेला. गोदीत काम बघतो म्हणाला.

अनंतानं पारावर सांगितलं म्हणे की सिनेमा खोटा आहे, मी लाँचवर होतो. लोक म्हणाले, तू काय पडद्यापेक्षा शहाणा?

मोहिलेंना पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या. मूड नाही.

२७ नोव्हेंबर, सकाळी ९

केसर आली. आज पाटी नव्हती. ओट्यावर बसली नाही, अंगणातच उभी राहिली. मी म्हटलं, अर्जाचं काय झालं ते सांगतो, त्याचं असं आहे की. तिनं मला थांबवलं.

म्हणाली, भाऊ, माफी करा. तुमास्नी उगा तरास दिला. तुमी खरं सांगत व्हता, मीच येडी. ती चाल त्यांचीच, हाक त्यांचीच, मी डोल्यांनी वलखला त्यांना. मग बाटली तेवडी खोटी कशी आसंल? माज्यापासून लपवून पीत आसतील. बायकोला काय ठावं आस्तं?

मी म्हणालो, अगं, सिनेमा तो सिनेमा असतो. त्यात थोडंफार. एवढ्यावर थांबलो. ती वाट बघत होती पुढं काय म्हणतो त्याची. मी म्हटलं, चहा घेशील का?

नको म्हणाली. तिचं दुसरंच काम होतं. गेलेल्या माणसांची घरं कुठकुठं आहेत ते लिहून हवं होतं. आपली शेवऱ्याची तिला ठाऊक आहेत, पण श्रीवर्धनची, पालीची, लांबलांबची ठाऊक नाहीत. एकेका घरी जाऊन पाया पडणार आहे. नवऱ्याच्या वतीनं.

मी यादी करून दिली. एकतिसातला शिवदास वजा जाता तीस नावं. गावाप्रमाणे लावली, जवळची आधी. सुवाच्य अक्षर. एकही चूक नाही. पुन्हा दोनदा ताडून पाहिली. तिनं कागद पदराला बांधला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागं सरकलो, पण खांब होता.

ही दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी १२

सकाळी उठलो तर चूल थंड. ही तयार होऊन बसलेली, जुनं लुगडं, पायात वहाणा नाहीत. विचारलं, कुठं? म्हणाली, केसरसंगं. कशाला? पाया पडायला. म्हटलं, तुझा काय संबंध? माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाली की जेवून जा असं मीच म्हणाले होते.

सहाच शब्दांत संसार मोडतो की काय असं वाटलं, पण तसं काही नाही, तिनं कुलपाची किल्ली जागेवर ठेवली, पाणी भरून ठेवलं आणि गेली. वळणावर केसर उभी होती. दोघी बोलत बोलत गेल्या. केसर मध्येच थांबली. मग हिनं तिचा हात धरला, आणि दोघी पुन्हा चालायला लागल्या.

अनंताच्या बाजूचं घर यादीत पहिलं आहे, मग देवळामागचं, मग धक्क्यावरचं. आता तिसऱ्या घरापर्यंत पोचल्या असतील. तिथं ही काय सांगते आहे, मला माहिती नाही. माहिती नसलेल्या गोष्टींबद्दल मी लिहीत नाही.